चार नंबरच्या खिडकीतील कायमस्वरूपी बदलाबाबत

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या दाखला कार्यालयाची चार नंबरची खिडकी उघडली, पण चालू झाली नाही. उघडणं आणि चालू होणं या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे बाहेरच्या लोकांना कितीही समजावलं तरी समजत नाही. उघडण्याची जबाबदारी माझी. मी इथला मुख्य लिपिक, सव्वीस वर्षं सेवा झाली आणि या सव्वीस वर्षांत एकही खिडकी मी मिनिटभरसुद्धा उशिरा उघडलेली नाही. चालू होण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्यातच तो आठवडा गेला. त्या आठवड्याबद्दल बाहेर काय वाट्टेल ते बोललं जातंय, म्हणून खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

आमच्याकडे एकूण सहा खिडक्या. पालकत्वाचा दाखला फक्त चार नंबरलाच निघतो, म्हणजे एखादं मूल सांभाळतंय कोण हे सिद्ध करणारा कागद. त्या खिडकीला गर्दी अशी कधी नसते, कारण बहुतेक मुलांना आईबाप असतात. सोमवारी तिथे एकच माणूस उभा होता. धंद्याने गवंडी, नखांत सिमेंट, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तिची मुलगी याच्याकडे. मुलगी आठ वर्षांची, कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. अशा मुलांना बोलायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथे एकच जागा शिल्लक होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांची यादी बंद होणार होती. आमच्या खिडकीतून दाखला निघाला की तो शाळेच्या यादीत आपोआप चढतो. नाही निघाला तर नाही चढत.

“पुढच्या वर्षी ती नऊची होईल, भाऊसाहेब,” गवंडी म्हणाला. “नऊच्या पुढे घेत नाहीत.”

“कागद पूर्ण आहेत का, मिस्त्री?”

“तीनदा तपासलेत.”

मी चौथ्यांदा तपासले. पूर्ण होते. खरं सांगायचं तर मला जरा वाईटच वाटलं. कागद अपूर्ण असले की माणसाला सन्मानाने घरी पाठवता येतं, पूर्ण असले की पंचाईत होते.

चार नंबरच्या बाईंनी तोपर्यंत संगणक चार वेळा बंद करून चालू केला होता, पडदा रुमालाने पुसला होता आणि कीबोर्ड उलटा करून बिस्किटाचा चुरा झटकला होता. पडद्यावर एकच वाक्य होतं, सर्व्हर सापडत नाही. “सापडला की सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लोकर काढली.

साडेदहाला वायरवाला आला. त्याला नाव आहे, पण तो अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि करारावरच्या माणसाचं नाव लक्षात ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याच्या गळ्यात पाच कार्यालयं बांधलेली, त्यातली आमच्या वाट्याला रोज सकाळची साडेदहा ते अकरा ही अर्ध्या तासाची वेळ. तो सरळ अभिलेख खोलीतल्या कपाटाकडे गेला आणि स्विच उघडून बसला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ही एक लोखंडी पेटी आहे, तिला चोवीस पोर्ट, प्रत्येक पोर्टात एकेका संगणकाची वायर आणि वर हिरवे दिवे. पेटीला हुकूम देता येतात. कोणत्या पोर्टाने कोणत्या गटात बसायचं हे तिला एकदा सांगितलं की ती ते पाळते, त्या गटाबाहेरच्या कोणाशी चकार शब्द बोलत नाही. मला ती पेटी पहिल्या दिवसापासून आवडते.

“शुक्रवारी इथलं फर्निचर हलवलं का?” वायरवाल्याने विचारलं.

“हलवलं. साहेबांचा नवा प्रिंटर आला.”

“तर साहेबांच्या प्रिंटरची वायर चार नंबरच्या पोर्टात घातलीय, आणि चार नंबरच्या खिडकीची वायर काढून जागा मिळाली तिथे, एकोणीसमध्ये. एकोणीस आहे हॉलमधल्या टीव्हीच्या गटात. पेटीच्या मते बाईंचा संगणक टीव्ही आहे. टीव्हीला सर्व्हर कशाला दाखवेल ती?”

वायर परत चारमध्ये घालावी, तर साहेबांचा प्रिंटर काढावा लागला असता. तो विषय तिथेच संपला. मग वायरवाल्याने लॅपटॉप जोडला, दोन ओळी टाइप केल्या आणि एकोणीस नंबरचं पोर्ट खिडक्यांच्या गटात घेतलं. बाहेरून बाई ओरडल्या, “सापडला.” गवंड्याने पिशवी सोडली, बाईंनी लोकर ठेवली आणि नोंद सुरू झाली. मीसुद्धा समाधानाने मान हलवली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

“आता सेव्ह करतो,” वायरवाला म्हणाला.

“थांबा. सेव्ह म्हणजे काय होईल?”

“कायम होईल. आत्ता जे केलंय ते पेटीच्या तोंडपाठ आहे, लिहून घेतलेलं नाही. वीज गेली की ती विसरणार आणि जुन्या लिहिलेल्यावर जाणार. सेव्ह केलं की विसरत नाही.”

कायम हा शब्द ऐकला आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला. नियम सात पोटकलम दोन. तात्पुरता बदल कोणीही कर्मचारी करू शकतो, कायमस्वरूपी बदलास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. शिवाय जो स्वतःच तात्पुरता आहे त्याने कायमचं काही करून जावं, हे मला तत्त्वतः पटत नाही. मी स्वतः नऊ वर्षं तात्पुरता होतो. त्या नऊ वर्षांत मी एक खिळासुद्धा कायमचा ठोकला नाही.

“भाऊसाहेब, एक बटण दाबायचंय.”

“बटण एकच असतं हो. जबाबदारी किती असते ते बघा.”

बरोबर अकराला पेटी बंद पडली. सगळे हिरवे दिवे गेले आणि पाच-सात मिनिटांनी परत आले, पाच खिडक्या पूर्ववत झाल्या आणि चार नंबरवर पुन्हा तेच वाक्य. पालकत्वाच्या अर्जात चाळीस रकाने आहेत, ते भरायला चाळीस मिनिटं लागतात, आणि मध्ये खंड पडला तर संगणक सगळं पुसून पहिल्यापासून मागतो. बाई बाराव्या रकान्यावर होत्या. वायरवाला तोवर पुढच्या कार्यालयात पोचला होता.

मंगळवारी तो साडेदहाला आला, त्याच दोन ओळी टाइप केल्या, बाईंनी पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली आणि ठीक अकराला पेटी पुन्हा गेली. या वेळी वायरवाला कपाटापाशी दबा धरून बसला होता. त्याला काय दिसलं, तर शिपाई आला, त्याने पेटीचा प्लग उपसला, तिथे चहाच्या किटलीचा प्लग खुपसला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. या शिपायाला आम्ही रिमोट म्हणतो, कारण हॉलमधल्या टीव्हीचा रिमोट त्याच्या खिशात असतो.

“हे रोज करता तुम्ही?” वायरवाल्याने विचारलं.

“रोज दोनदा. अकराला आणि साडेतीनला. पाणी उकळलं की परत लावतो की. कधी विसरलोय?”

“अहो, आख्खं कार्यालय बंद पडतं.”

“पडू द्या की. सगळे चहाच पीत असतात तेव्हा.”

चहाची वेळ दर्शनी फलकावर रंगवलेली आहे, ती बदलायची तर फलक बदलावा लागतो. शेजारी दुसरा सॉकेट आहे, पण ती भिंत इमारत विभागाच्या ताब्यात आहे आणि त्यांच्याकडे अर्ज केला की माणूस पावसाळ्यानंतर येतो. बाई अठ्ठाविसाव्या रकान्यापर्यंत पोचल्या होत्या, म्हणजे कालच्यापेक्षा प्रगती होती, आणि तसं मी गवंड्याला सांगितलंही. तो म्हणाला, “उद्या मी रोजावर जाणार नाही. नऊलाच येऊन बसतो.” त्याने नऊला येऊन काय फरक पडणार होता, ते मला कळलं नाही, पण मी नको म्हणालो नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. मंगळवारी दुपारीच मी समिती बसवली. मी अध्यक्ष, लेखाधिकारी आणि भांडारपाल सदस्य. भांडारपालांनी साठा वही उघडली. तीत पेटीची नोंद अशी होती, ‘लोखंडी पेटी, हिरवे दिवे असलेली, नग एक’. त्यांचं म्हणणं पडलं की जिला साध्या पेटीचा दर्जा आहे तिच्याकडून काही लक्षात ठेवण्याची अपेक्षा करता येणार नाही. लेखाधिकाऱ्यांचा मुद्दा जास्त खोल होता.

“एकोणीस नंबर खिडक्यांच्या गटात गेला,” ते म्हणाले, “म्हणजे टीव्हीच्या गटातून एक पोर्ट कमी झालं. त्या गटाचं नाहरकत पत्र कुठाय?”

टीव्हीच्या गटात टीव्ही सोडून कोणी नव्हतं. नाहरकत पत्र द्यायला गटप्रमुख हवा आणि गटप्रमुख कधी नेमलेलाच नव्हता, ही त्रुटी किती वर्षांची होती देव जाणे. समितीने ती तत्काळ दूर केली. टीव्ही ज्याच्या ताब्यात असतो तोच प्रमुख, या न्यायाने बुधवारी सकाळी रिमोटच्या हातात नेमणूक आदेश पडला. माणसाला अधिकार मिळाला की त्याचा चेहराच बदलतो. त्याने आदेश दोनदा वाचला, घडी घालून टीव्हीच्या रिमोटच्याच खिशात ठेवला आणि नाहरकतीच्या कागदावर सही करायला मी पेन पुढे केलं तेव्हा म्हणाला, “मला जरा विचार करायला वेळ द्या.”

“कसला विचार? टीव्हीला एकच वायर लागते.”

“आज लागते. उद्या दुसरा टीव्ही आला तर? गटाचं भवितव्य बघावं लागतं, भाऊसाहेब.”

मला राग आला, पण आत कुठेतरी कौतुकही वाटलं. असा विचार करायला मला पंधरा वर्षं लागली होती.

बुधवारी साडेदहाची दुरुस्तीही अकराच्या चहात पुसली गेली, आणि दुपारी आणखी एक प्रकार घडला. समितीच्या कामानिमित्त भांडारपालांनी पेटी प्रत्यक्ष पाहिली. माणूस टापटिपीचा. पेटीच्या एका पोर्टातून एक जादा वायर निघून खाली लोंबत होती, तिचं दुसरं टोक कशातच नव्हतं. त्यांनी ते उचललं आणि समोर रिकामं दिसलं त्या पोर्टात नीट खोचून टाकलं. अर्ध्या मिनिटात सगळे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. साहेब तिथूनच चालले होते. ते थांबून म्हणाले, “वा, पेटी आज जोरात आहे.” आणि त्याच वेळी उरलेल्या पाचही खिडक्या बंद पडल्या.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सोमवारपासून चार नंबर बंद आहे हे त्या सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी ब्र काढला नव्हता. आता स्वतःची खिडकी थांबताच एकेकाला कंठ फुटला. कोणी टेबल बडवलं, कोणी कर भरतो म्हणाला, कोणी मोबाईलवर माझा फोटो काढला. साहेब स्वतः बाहेर आले, वायरवाल्याला दुसऱ्या कार्यालयातून उचलून आणा म्हणाले, आणि तो वीस मिनिटांत हजर झाला. तो ठरल्या वेळेबाहेरही येऊ शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

“हे कोणी केलं?” त्याने वायर हातात धरून विचारलं. “एक टोक पेटीत आणि दुसरंही पेटीतच. याला लूप म्हणतात. पेटी एक निरोप पाठवते, तो फिरून तिच्याचकडे येतो, ती पुन्हा पाठवते. स्वतःशीच बोलण्यात एवढी गुंतली की बाकी कोणाचं ऐकायला तिला फुरसत नाही.”

यात गैर काय आहे ते मला समजेना. आमच्या आवक शाखेचं पत्र जावक शाखेत जातं, जावकचं आवकमध्ये येतं, आणि दोन्ही टेबलांवर मीच बसतो. पण वाद घालण्याची ती वेळ नव्हती. त्याने टोक उपसलं आणि पाच खिडक्या सुरू झाल्या. लोक लगेच शांत झाले, अगदी आभारही मानले. गवंडी तेवढा चार नंबरपाशी उभा होता.

“आता आलोच आहे तर चार नंबरचंही करून घेऊ का?” वायरवाला हळूच म्हणाला. “चहाला अजून तीन तास आहेत. त्यांचं काम होऊन जाईल.”

मला ते पटलं होतं. मी हे शपथेवर सांगतो. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांचा आदेश आला की समितीचा निर्णय होईपर्यंत पेटीला कोणीही हात लावू नये, कपाट सील करावं. लाख वितळायलाही घेतली होती. आदेश आल्यावर माझं मत हा माझा खासगी विषय उरतो. मी कपाट बंद केलं, फटीवर कागद चिकटवला, लाखेवर शिक्का मारला आणि सही केली. पेटीचा प्लग कपाटाच्या आत गेल्याने किटलीचा प्रश्न उभा राहिला, तो मात्र एका मिनिटात सुटला. रिमोटने इमारत विभागाच्या भिंतीवरचा सॉकेट वापरला. चहा काही थांबवता येत नाही.

गुरुवारी रिमोट दिवसभर विचार करत होता. गवंडी दिवसभर बाकावर बसून होता. दुपारी मी त्याच्याजवळ गेलो, का गेलो ते माहीत नाही.

“मिस्त्री, दुसरी शाळा नाही का?”

“आहेत. पण तिथं तिला गप्प बसायला शिकवतील. ते ती घरीच शिकलीय.” मग तो म्हणाला, “माझी चूक झाली असेल तर सांगा, भाऊसाहेब. कुठला कागद राहिलाय का?”

“नाही हो. कागदांत काहीच कमी नाही.”

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याला आमच्या कोणत्याच नमुन्यात रकाना नाही, त्यामुळे मी जागेवर जाऊन आवक टपाल बघितलं.

शुक्रवारी गवंडी मुलीला घेऊन आला. शाळेला फोटो लागला तर, म्हणाला. तिने स्वच्छ फ्रॉक घातला होता, वेणी जरा वाकडी होती, मामानेच घातली असणार. ती बाकावर बसून हॉलमधला टीव्ही बघत राहिली. तीनला रिमोटने नाहरकत दिली, पण भविष्यात दुसरा टीव्ही आल्यास पोर्ट परत मिळावं या अटीवर. लेखाधिकाऱ्यांनी अट मान्य केली, भांडारपालांनी साठा वहीत ‘नग एक’च्या पुढे ‘स्मरणशक्तीसह’ असं लिहिलं आणि चार वाजता साहेबांनी कायमस्वरूपी बदलास मान्यता दिली. मी स्वतः वायरवाल्याला फोन केला. तो धावत आला. चार वाजून दहा मिनिटांनी मी सील तोडलं.

कपाटातून भट्टीसारखी वाफ आली. दोन दिवस बंद कपाटात पेटी तापली होती. दिवे चालू होते, पाच खिडक्या चालू होत्या, पण वायरवाला टाइप करी ते ती घेईना. त्याने तीनदा प्रयत्न केला.

“हिचं डोकं अडकलंय,” तो म्हणाला. “वायरी वाहताहेत, पण नवा हुकूम ऐकत नाही. एकदा बंद करून चालू करावी लागेल. दोन मिनिटं सगळ्या खिडक्या थांबतील. मग लगेच एकोणीस नंबर लावतो, सेव्ह करतो, चार सतराला नोंद सुरू, पाचला तीन मिनिटं कमी असताना दाखला बाहेर.”

मी घड्याळाकडे बघितलं आणि साहेबांकडे धावलो. सव्वीस वर्षांत मी त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा धावलो. साहेबांना बुधवारचा आरडाओरडा आठवत होता. ते म्हणाले, “माझी काही हरकत नाही. पण खिडक्या जनतेच्या आहेत. जनतेला विचारा. तिची हरकत नसेल तर करा.” यात चुकीचं काय आहे, मला कोणीतरी सांगावं.

मी हॉलमध्ये आलो आणि स्टुलावर उभा राहिलो. मुलगी सोडून बावन्न माणसं होती, त्यातला एक गवंडी. मी सगळं स्पष्ट सांगितलं. चार नंबरची खिडकी सोमवारपासून बंद आहे. ती चालू करायला सगळ्या खिडक्या दोन मिनिटं बंद ठेवाव्या लागतील. या गृहस्थांच्या भाचीचा शाळेचा प्रवेश आहे, यादी पाचला बंद होते. लोकांनी गवंड्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं.

“आमचं झाल्यावर करा ना,” दोन नंबरच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. “आमचा कोणाला विरोध नाही.”

“सोमवारपासून बंद होती तर सोमवारीच करायचं,” एक बाई म्हणाल्या. “आम्ही काय अर्धा दिवस रजा टाकून आलोय ते उगाच?”

“दोन म्हणता आणि वीस लावता तुम्ही लोक.”

“वाईट वाटतं हो. पण माझी गाडी आहे.”

“पद्धत पाडू नका. आज एकासाठी बंद केलं, उद्या कोणीही उठेल.”

वायरवाला माझ्या मागून म्हणाला, “मंडळी, साडेतीनला हे सगळे वीस मिनिटं चहाला गेले होते. तेव्हा तुम्ही उभेच होता ना?”

“ते फलकावर लिहिलेलं आहे,” गृहस्थ म्हणाले. आणि ते लिहिलेलं होतं.

चर्चा लांबायला लागली, म्हणून मी म्हणालो, “ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा.” हात वर झाले. मी खिडकीनिहाय मोजले. सहा नंबर मोजून झाला तेव्हा बाकावर नजर गेली. मुलीला आमच्यातला एकही शब्द ऐकू आलेला नव्हता. तिला एवढंच दिसलं की मोठी माणसं एकेक करून हात वर करताहेत. तिलाही गंमत वाटली असावी. तिने हसून हात वर केला, होता तेवढा उंच, आणि मामाकडे बघितलं की बरोबर केलं ना.

एकूण हात बेचाळीस झाले. तो एक धरून. हरकतीला वयाची अट नाही, त्यामुळे मला तो वगळता येईना. गवंड्याने तिचा हात हळूच धरून खाली घेतला आणि मला म्हणाला, “राहू द्या, भाऊसाहेब. लोकांची खोटी नको.”

मोजणी संपली तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटं थांबायला चालेल का, हे विचारण्यात नऊ मिनिटं गेली. आता बंद करून चालू केली असती तरी दाखला पाच वाजून तीन मिनिटांनी निघाला असता. वायरवाल्याने लॅपटॉप मिटला. पाचला मी सहाच्या सहा खिडक्या बंद केल्या, मिनिटभरही आधी नाही.

शनिवारी कार्यालयाला सुट्टी होती. वायरवाला स्वतःहून आला, मी किल्ली घेऊन आलो. दोन मिनिटांत पेटी थंड डोक्याने उठली, एकोणीस नंबर खिडक्यांच्या गटात बसला, आणि त्याने सेव्ह केलं. आता ते कधी पुसलं जाणार नाही. सोमवारी चार नंबरची खिडकी उघडली आणि चालूही झाली. बाई दिवसभर बसून होत्या. कोणी आलं नाही. शाळेतली ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली, असं नंतर कळलं. ती मुलगी आता घरीच असते. मामा कामावर नेतो तेव्हा वाळूच्या ढिगाजवळ बसते, असं बाईंनी सांगितलं. बाईंनी हे कसं शोधून काढलं ते मी विचारलं नाही.

वाचता वाचता तुम्हाला माझा राग आलाय, हे मला कळतंय. यावा. मी नियम पाळला, सील मारलं, स्टुलावर उभा राहिलो, हे सगळं माझ्या सहीचं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्या शुक्रवारी हॉलमध्ये मी एकटा नव्हतो. हरकती नोंदवून घेण्याची पद्धत असल्याने एक्केचाळीस मोठ्या माणसांची नावं खिडकीनिहाय माझ्याकडे आहेत. गृहस्थ आहेत, बाई आहेत, गाडी चुकेल म्हणणारे आहेत. प्रत्येकाचं काम त्या दिवशी झालं आणि प्रत्येकजण जाताना आमच्या अभिप्राय वहीत ‘सेवा समाधानकारक’ लिहून गेला.

तुम्ही म्हणाल, मी असतो तर हात वर केला नसता. मी लगेच मान्य करतो. हात वर न करणारे दहा जण होतेच. माझ्या चांगले लक्षात आहेत. दहाही जण तेव्हा मोबाईल बघत होते.